वयोगटातला विक्रम नोंदवला जातो तो कसा?

बडोद्याची मॅरेथॉन नवलखी मैदानावरून सुटते, तेव्हा दांडिया बाजार, रावपुऱ्यातली साठी ओलांडलेली मराठी मंडळीही त्यात पळतात. कुणाची वेळ चांगली आली की ‘हा तर विक्रमच’ असं लोक म्हणतात. ती वेळ विक्रमांच्या यादीत जायला मात्र मोजलेला मार्ग, शर्यतीला ॲथलेटिक्स महासंघाची मंजुरी आणि वयाचा पुरावा लागतो.

सर्वांत जुना वाद अंतराचा. १९६१ मध्ये इंग्लंडच्या जॉन ज्युवेल यांनी सायकलने रस्ता मोजण्याची पद्धत अभ्यासून मांडली. १९६४ मध्ये टेड कॉर्बिट या ऑलिंपिक धावपटूने ती अमेरिकेत रुजवली. पोलादी टेपने आखलेल्या सरळ पट्ट्यावर सायकलच्या चाकाचे किती फेरे होतात ते आधी पारखायचं, मग वळणावळणाला सर्वांत जवळची रेषा धरून मार्ग मोजायचा. वर किलोमीटरमागे एक मीटर जादा धरायचा, म्हणजे मार्ग आखूड भरण्याची भीती नाही. १९८१ मध्ये न्यूयॉर्कला अल्बर्टो सालाझार यांनी २:०८:१३ अशी जागतिक उच्चांकाची वेळ दिली. पुढे मार्ग पुन्हा मोजला तर सुमारे १५० मीटर कमी भरला आणि तो उच्चांक गेला. २०११ मध्ये बोस्टनला जेफ्री मुताई २:०३:०२ मध्ये आले. तोवर इतकं जलद कुणीच धावलं नव्हतं. पण तिथला उतार नियमातल्या किलोमीटरमागे एक मीटरहून जास्त, शिवाय सुरुवात आणि शेवट एकमेकांपासून फार दूर. विक्रम मिळाला नाही.

प्रौढ (मास्टर्स) खेळाडूंची पहिली जागतिक ॲथलेटिक्स स्पर्धा १९७५ मध्ये टोरंटोला झाली, १९७७ मध्ये जागतिक संघटना आली. पस्तिशीपासून पाच-पाच वर्षांचे गट पडले आणि प्रत्येक गटाला स्वतःचे विक्रम मिळाले. तेव्हा वेळ कुणी घेतली, पंच कोण होते, याचा जाब देणारं कुणीतरी हवंच होतं. अमेरिकेत वयोगटाच्या राष्ट्रीय विक्रमासाठी शर्यतीला यूएसए ट्रॅक अँड फील्ड या तिथल्या ॲथलेटिक्स महासंघाची मंजुरी लागते ती यासाठी. मला ही अट सर्वांत मोलाची वाटते, कारण तिच्यामुळे साध्या धावपटूचा दावाही तपासता येतो.

वयाचं दुखणं आपल्या ओळखीचं. २०११ मध्ये पंजाबात जन्मलेले ब्रिटिश धावपटू फौजा सिंग यांनी शंभराव्या वर्षी टोरंटोची मॅरेथॉन पुरी केली. पासपोर्टवर १ एप्रिल १९११ ही तारीख होती, तरी जन्मदाखला नव्हता म्हणून गिनीजने नोंद नाकारली. जन्मनोंदणीचा देशव्यापी कायदा १९६९ चा. त्याआधी जन्मलेल्या अनेकांच्या शाळेच्या दाखल्यावर गुरुजींनी लिहिलेली १ जूनच आहे. त्यांनी दाव्यासाठी लागणारे कागद आधीच जमवावेत. आयोजकांकडे मार्ग शेवटचा कधी मोजला तेही विचारावं. जागतिक विक्रमाच्या नियमात ते माप पाच वर्षंच चालतं.