वॉटर ब्लॉक (घरगुती घडणीचा)

वॉटर ब्लॉक म्हणजे संगणकाच्या प्रोसेसरवर घट्ट बसवलेला, आतून पाणी खेळणारा धातूचा ठोकळा. त्याचा तळ प्रोसेसरची उष्णता घेतो, पाणी ती रेडिएटरपर्यंत, म्हणजे उष्णता हवेत सोडणाऱ्या जाळीपर्यंत, नेते. मोठ्या संगणकांना ही युक्ती जुनी. आयबीएमचा ३०८१ हा १९८० सालचा संगणक पाण्यानेच थंड राही. घरोघरच्या हौशी मंडळींनी ती उचलली १९९०च्या दशकाच्या अखेरीस. इंटेलचा सेलेरॉन ३००ए हा ३०० मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर तेव्हा ४५०वर पळवला जाई, त्यामुळे तो जास्त तापे, आणि तयार ब्लॉक सहजी मिळत नसत.

पहिल्या प्रयत्नात बहुतेक जण पोकळ डबी बनवतात. भरपूर पाणी म्हणजे भरपूर गारवा, ही समजूत त्यामागे असते. प्रत्यक्षात पाणी कमी पडतच नाही: मिनिटाला एक लिटर वाहिले, तर १०० वॉट उष्णतेने ते जेमतेम दीड अंशाने तापते. अडतो तो तांब्यापासून पाण्यापर्यंतचा शेवटचा केसभर प्रवास. तांब्याची उष्णतावाहकता पाण्याच्या सहाशे पटींहून जास्त, आणि धातूला लगटून असलेला पाण्याचा थर जवळपास हलतच नाही. तो थर पातळ करणे, हीच ब्लॉकच्या रचनेची खरी कसोटी. म्हणून तळावर, नेमक्या चिपच्या माथ्यावर, अरुंद झिऱ्या पाडतात किंवा वरून पाण्याची धार थेट तिथे सोडतात. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात टकरमन आणि पीझ या संशोधकांनी १९८१ साली सिलिकॉनमध्ये सुमारे ५० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) झिऱ्या कोरून दर चौरस सेंटिमीटरला ७९० वॉट उष्णता काढून दाखवली. आजही थक्क व्हावे असा आकडा. मात्र झिरी निम्मी केली, तर पाण्याचा वेग तोच ठेवायला दाब साधारण चौपट लागतो. पंप बेताचा असेल, तर हा हव्यास परवडत नाही.

मिलिंग मशीन (धातू कोरण्याचे यंत्र) नसलेल्याने तांब्याच्या ठोकळ्यात समांतर भोके पाडावीत, ती आडव्या भोकांनी जोडावीत आणि नको ती तोंडे पितळी बुचांनी बंद करावीत. डाख देताना साधी सोल्डरिंग गन पुरत नाही. तांबे उष्णता पळवते, तिथे गॅसची ज्योतच हवी. तळ सपाट करायला जाड काचेवर पॉलिश पेपर ठेवून ओला घासतात. पट्टीची धार तळावर उभी धरून उजेडाकडे पाहिले की उंचवटे लगेच कळतात.

झाकण अ‍ॅक्रिलिकचे असल्यास ओ-रिंग (गळती रोखणारे रबरी कडे) बसवावी आणि स्क्रू जपून आवळावेत, कारण अ‍ॅक्रिलिक भोकांपाशी तडकते. ब्लॉक तांब्याचा असेल, तर रेडिएटर अ‍ॅल्युमिनियमचा घेऊ नये. एकाच पाण्यात हे दोन धातू आले की अ‍ॅल्युमिनियम झिजत जाते. डिस्टिल्ड वॉटरने ही झीज लांबणीवर पडते, टळत नाही. गळतीची चाचणी संगणकाबाहेरच घ्यावी: सांध्यांभोवती टिश्यू पेपर गुंडाळून पंप दिवसभर चालवावा. एक ठिपका जरी ओला दिसला, तरी सांधा उकलून पुन्हा करावा.