लोकेशन चालू ठेवलं की बॅटरी संपते?

"लोकेशन, ब्लूटूथ चालू असलं की फोन सारखा सॅटेलाइटला सिग्नल पाठवतो आणि बॅटरी संपते" हा फॉरवर्ड कित्येक वर्षं फिरतोय, आणि तसं वाटणं साहजिकच आहे. पण जीपीएसमध्ये फोन सॅटेलाइटला काहीच पाठवत नाही, सुमारे २०,२०० किमी उंचीवरून आलेले सिग्नल फक्त ऐकतो, तेही एखाद्या ॲपने जागा विचारली तरच. बॅटरी खरी जाते मॅपवर रस्ता बघताना, तेव्हा स्क्रीन, नेट, जीपीएस सगळंच चालू असतं ना. ब्लूटूथमध्ये २०१० च्या ४.० आवृत्तीपासून लो एनर्जी, म्हणजे कमी बॅटरी खाणारा प्रकार आलाय, त्यात स्मार्टवॉच नि फोनचे रेडिओ बहुतेक वेळ बंदच, ठरल्या वेळी क्षणभर जागे होतात. जीपीएस फक्त ऐकतं हे बघायचंय? मॅप आधी डाउनलोड करा, लोकेशन चालू ठेवून एअरप्लेन मोड लावा, मोकळ्यावर या, निळा ठिपका तरीही सरकतो. सेटिंगमध्ये कुठलं ॲप किती बॅटरी खातंय तेही दिसतं, गरज नसलेल्याची लोकेशन परमिशन काढा.