जॉन्सन, ब्लाइंड विली

जॉन्सन, ब्लाइंड विली : (जानेवारी १८९७–१८ सप्टेंबर १९४५). अमेरिकेतील टेक्सस राज्याचा कृष्णवर्णीय गायक व गिटारवादक. ब्लूजच्या (अमेरिकन कृष्णवर्णीयांच्या लोकगायनशैलीच्या) अंगाने ख्रिस्ती भक्तिगीते गाणाऱ्या पहिल्या पिढीत त्याचे स्थान फार वरचे आहे. जन्म बहुधा पेंडल्टन येथील. बालपण मार्लिनमध्ये गेले.

तो जन्मांध नव्हता. त्याची विधवा अँजेलिन हिने संशोधक सॅम्युअल चार्टर्स यांना सांगितले, की तो सुमारे सात वर्षांचा असताना सावत्र आईने वडिलांशी भांडताना फेकलेले दाहक क्षाराचे पाणी त्याच्या डोळ्यांत गेले. ग्रहण पाहताना दृष्टी गेल्याचेही सांगतात. घरच्या माणसाने सांगितलेली पहिली हकिकत अधिक ग्राह्य वाटते. तरी अँजेलिनची प्रत्येक आठवण जशीच्या तशी घेता येत नाही. ध्वनिमुद्रिकांवरील साथीचा स्त्रीस्वर आधी तिचा समजला जाई. तो मुख्यतः विली बी. हॅरिस या आधीच्या पत्नीचा असल्याचे नंतर निष्पन्न झाले.

कोलंबिया कंपनीने १९२७ ते १९३० या काळात डॅलस, न्यू ऑर्लीन्स व अटलांटा येथे त्याची ३० गाणी ध्वनिमुद्रित केली. महामंदीनंतर ध्वनिमुद्रण झाले नाही. रस्त्यावर व चर्चमध्ये गाणे मात्र चालूच राहिले.

मींड काढण्यासाठी गिटारच्या तारेवर तो काय सरकवी, याबद्दल मतभेद आहेत. चार्टर्स खिशातला चाकू म्हणतात, तर काही जण बाटलीची कापलेली मान. अनेक गाण्यांत ओळीचा शेवटचा शब्द तो तोंडाने सोडून देतो आणि वरच्या तारेवर मींड घेत पुरा करतो. अंगठ्याचा ठेका तेवढ्यात जराही ढळत नाही. आवाज मुद्दाम खरखरीत, घशातून काढलेला.

३ डिसेंबर १९२७ रोजी डॅलसमध्ये मुद्रित झालेल्या ‘डार्क वॉज द नाइट, कोल्ड वॉज द ग्राउंड’ मध्ये शब्दच नाहीत. मूळ स्तोत्र येशूच्या, क्रूसावर जाण्याआधीच्या, गेथसेमनी बागेतील रात्रीचे. इथे उरतो तो नुसता हुंकार आणि त्यामागून कण्हत जाणारी तार. त्याच्या कलेचे हे शिखर मानावे लागते.

ब्युमाँट येथे घर जळाल्यावर ओल्या अंथरुणावर निजून न्यूमोनियाने तो गेला, असे अँजेलिन सांगे; मृत्युदाखल्यात मलेरियाच्या तापाची नोंद आहे.

१९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात पाठविलेल्या सुवर्णतबकडीवर ‘डार्क वॉज द नाइट’चे ध्वनिमुद्रण आहे. तिच्यावर त्याच्या लगेच आधी सूरश्री केसरबाई केरकर यांची भैरवी येते, ‘जात कहाँ हो’.