वैर हजारो वर्षांचं नसतं, मग मिटत का नाही?

आफ्रिकेत मलावी आणि झांबिया हे दोन शेजारी देश आहेत. त्यांच्यामधली सीमा १८९१ च्या सुमारास इंग्रजांनी स्वतःच्या कारभाराची सोय बघून आखली, तिथे कोण राहतं याचा विचार त्यात नव्हताच, त्यामुळे चेवा आणि तुंबुका या दोन्ही जमातींचे काही लोक इकडे राहिले, काही तिकडे. डॅनियल पोझनर या राज्यशास्त्राच्या अभ्यासकाने सीमेलगतची, एकमेकांपासून काही किलोमीटरवरची गावं निवडली आणि लोकांना साधे प्रश्न विचारले, की दुसऱ्या जमातीत लग्न कराल का, त्यांच्या उमेदवाराला मत द्याल का. मलावीच्या बाजूला अर्ध्याहून जास्त लोक नाही म्हणाले. झांबियाच्या बाजूला नाही म्हणणारे जेमतेम पाव होते.

आता बघा, लोक तेच, बोली तीच, चालीरीती आणि जुन्या गोष्टीसुद्धा त्याच. फरक एवढाच की मलावी छोटा देश आहे, तिथे या दोन्ही जमाती मतांच्या हिशोबात मोठ्या ठरतात म्हणून पुढाऱ्यांनी त्यांना एकमेकांसमोर उभं केलं. झांबियात दोघी मिळूनही लहानच, त्यामुळे तिथे त्या "आपण पूर्वेकडचे" म्हणून एका बाजूला आल्या.

दंगल किंवा यादवी झाली की "हे वैर हजारो वर्षांचं आहे, त्याला कोण काय करणार" असं टीव्हीवर हमखास ऐकू येतं आणि मला हे वाक्य चुकीचं तर वाटतंच पण धोकादायकही वाटतं, कारण ते ऐकलं की ज्यांनी आग लावली ते आपोआप सुटतात. जेम्स फिअरन आणि डेव्हिड लेटिन या दोन राज्यशास्त्रज्ञांनी १९९६ साली दाखवलं की आफ्रिकेत शेजारी राहणाऱ्या वेगवेगळ्या जमातींच्या जितक्या जोड्या आहेत त्यातल्या फारच थोड्या जोड्यांमध्ये प्रत्यक्ष हिंसा होते, बाकीचे कुरबुरी करत का होईना पण नांदतात. नंतर २००३ मध्ये त्यांनी १९४५ पासूनची जगभरातली यादवी युद्धं तपासली, तेव्हा देशात किती धर्म आणि किती जमाती आहेत यावरून युद्धाचा अंदाज लागत नाही असं दिसलं, गरिबी आणि दुबळं सरकार यावरून मात्र लागतो. यावर पुढे वाद झाले. आंद्रेयास विमर, लार्स-एरिक सेडरमन वगैरे अभ्यासक मंडळींनी त्यात भर घातली की नुसती विविधता नाही, पण एखाद्या गटाला सत्तेबाहेर ठेवलं तर बंडाची शक्यता नक्की वाढते. मला ही भर पटते.

मग माणसाच्या स्वभावात काहीच नाही का? आहे ना. १९७० च्या आसपास मानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेल यांनी इंग्लंडच्या ब्रिस्टलमध्ये शाळकरी मुलांना सांगितलं की तुम्हाला पॉल क्ले यांची चित्रं आवडतात की कँडिन्स्की यांची यावरून तुमचे गट केलेत. खरं तर गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे कसेही केले होते, आपल्या गटात कोण आहे हेसुद्धा मुलांना माहीत नव्हतं, तरी पैसे वाटायला दिल्यावर त्यांनी आपल्या गटाला जास्त दिले, आणि बऱ्याचदा तर आपल्या गटाला थोडे कमी मिळाले तरी चालतील पण समोरच्यापेक्षा जास्त हवेत असाच हिशोब केला. ताजफेल स्वतः पोलंडचे ज्यू, त्यांचं कुटुंब नाझींनी संपवलेलं, त्यामुळे हा प्रश्न त्यांच्यासाठी नुसता अभ्यासाचा नव्हता. पण पैसे कमी देणं वेगळं आणि घर पेटवणं वेगळं. मधलं अंतर भीती भरून काढते आणि ती भीती पेरायला, वाढवायला कुणीतरी लागतं.

हे श्रीलंकेत अगदी पायरी-पायरीने दिसतं. १९५६ च्या निवडणुकीत विरोधी नेते बंडारनायके यांनी फक्त सिंहली हीच राजभाषा करू असं वचन दिलं, ते बघून सत्तेतल्या पक्षानेही सिंहली-तमिळ दोन्हीची भूमिका सोडून तीच मागणी उचलली. बंडारनायके जिंकले, कायदा आला. पुढच्याच वर्षी त्यांनी तमिळ नेते चेल्वनायकम यांच्याशी समझोता केला, तमिळ भागांना थोडे अधिकार आणि भाषेला थोडी जागा असा, म्हणजे वाट होती. पण आता विरोधात बसलेल्या पक्षाचे जयवर्धने त्या समझोत्याविरुद्ध कँडीकडे मोर्चा घेऊन निघाले आणि १९५८ मध्ये भिक्खू घरासमोर येऊन बसल्यावर बंडारनायके यांनी तो करार रद्द केला. दीडेक महिन्यात दंगली उसळल्या. १९५९ मध्ये एका भिक्खूनेच त्यांना गोळ्या घातल्या. जुलै १९८३ मध्ये तमिळांची कत्तल झाली तेव्हा राष्ट्राध्यक्ष जयवर्धने होते, आणि त्यानंतरचं युद्ध थेट मे २००९ पर्यंत चाललं. यात हजारो वर्षांचं काय होतं? दोन पक्षांची चढाओढ होती, आणि मवाळ बोलणारा मतं गमावतो ही भीती.

एकदा रक्त सांडलं की मात्र गोष्ट बदलते, तेव्हा भीती खोटी राहत नाही. समोरच्याने शांततेचं वचन दिलं तरी मी आज बंदूक खाली ठेवली आणि उद्या त्याने शब्द फिरवला तर मला वाचवणार कोण, हा प्रश्न दोन्हीकडच्या शहाण्या माणसालाही पडतोच. भांडणं टिकतात ती मुख्यतः इथे असं माझं मत आहे. द्वेष कमी झाला तरी भरवसा नसतो.

आणि राजकारण कामी येतं तेही इथेच. उत्तर आयर्लंडमध्ये ब्रिटनसोबत राहू पाहणारे प्रोटेस्टंट आणि आयर्लंडशी एक होऊ पाहणारे कॅथलिक यांच्या संघर्षात तीसेक वर्षांत साधारण ३,५०० माणसं गेली. एप्रिल १९९८ च्या करारात कुणी कुणाला मिठी मारावी अशी अट नव्हती. सरकार दोन्ही बाजूंनी मिळून चालवायचं, फर्स्ट मिनिस्टर आणि डेप्युटी फर्स्ट मिनिस्टर यांचे अधिकार सारखे, पोलीस दलाची नव्याने बांधणी, कैद्यांची सुटका (ती मारल्या गेलेल्यांच्या घरच्यांना फार जड गेली) आणि हत्यारं नष्ट झाली की नाही हे बघायला परदेशी जनरलच्या हाताखालचा आयोग. आयआरए या कॅथलिक बाजूच्या सशस्त्र संघटनेची हत्यारं २००५ मध्ये नष्ट झाली तेव्हा एक कॅथलिक आणि एक प्रोटेस्टंट धर्मगुरू साक्षीला होते. २००७ मध्ये प्रोटेस्टंट बाजूचे पेझ्ली आणि कॅथलिक बाजूचे मॅगिनेस, आयुष्यभराचे कट्टर शत्रू, एका सरकारात बसले. सरकार मधेमधे वर्षानुवर्षं बंद पडलं, बेलफास्टमधल्या दोन वस्त्यांमधल्या भिंती अजून उभ्या आहेत, पण रोजचं मरण थांबलं, ही गोष्ट मला प्रचंड मोठी वाटते.

मनं आधी बदलायला हवीत असं म्हणणाऱ्यांनी मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ पालक (Paluck) यांचा रवांडातला प्रयोग बघावा. तिथे १९९४ मध्ये रेडिओनेच तुत्सी जमातीच्या कत्तलीला चिथावणी दिली होती, त्याच माध्यमावर सलोख्याची मालिका वर्षभर ऐकवली. ऐकणाऱ्यांची स्वतःची मतं फारशी बदलली नाहीत, पण चारचौघात कसं वागावं याची समज बदलली आणि लोक उघडपणे असहमती बोलून दाखवायला लागले. वागणं आधी बदललं, मन मागे राहिलं.

सत्ता वाटून घेण्याची किंमतही असते. लेबनॉनमध्ये १९४३ पासून राष्ट्राध्यक्ष मॅरोनाइट ख्रिश्चन, पंतप्रधान सुन्नी, सभापती शिया अशी वाटणी आहे, आणि ती बिघडेल म्हणून १९३२ नंतर अधिकृत जनगणनाच झालेली नाही. बोस्नियात १९९५ च्या डेटन कराराने लढाई थांबवली, पण राष्ट्राध्यक्षपद बोस्नियाक (तिथले मुस्लीम), सर्ब आणि क्रोएट यांच्यासाठीच ठेवलं, म्हणजे तिथला ज्यू किंवा रोमा माणूस त्या पदाला उभाच राहू शकत नाही, २००९ मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने हे चुकीचं ठरवलं तरीही. ज्या ओळखींवरून रक्त सांडलं त्याच ओळखी कायद्यात कोरल्या जातात आणि मग त्यावर पोट भरणारे पुढारी त्या पुसू देत नाहीत.

म्हणून माझं म्हणणं असं की अशा करारातच बदलाची तारीख लिहिलेली हवी, नुसती सदिच्छा नको. लेबनॉनच्या १९८९ च्या ताइफ करारात पंथावरची वाटणी टप्प्याटप्प्याने संपवायचं ठरलं होतं, ते राहून गेलं कारण मुदत कुणावरच बंधनकारक नव्हती. उत्तर आयर्लंडमध्ये २०२२ ला कुठल्याच गटाचा नसलेला अलायन्स पक्ष ९० पैकी १७ जागा घेऊन तिसरा आला, म्हणजे लोक पुढे सरकलेत, पण महत्त्वाच्या ठरावांना दोन्ही गटांचं वेगवेगळं समर्थन लागतं तेव्हा या १७ जणांचं मत कुठल्याच बाजूला मोजलं जात नाही, आणि त्याच दोन गटांच्या संमतीशिवाय तो नियम बदलणं प्रत्यक्षात अवघड आहे.