फ्यूएल बूस्ट पंपाचा स्विच : जोडणीपूर्वी वाचा

घरच्या गॅरेजमध्ये विमान बांधणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी हे पत्रक हार्नेससोबत (तयार वायरींच्या जुडग्यासोबत) दिलं आहे. वायर सोलायला घेण्याआधी एवढं ठरवा : उडताना मास्टर स्विच (विमानातली वीज तोडणारा मुख्य स्विच) बंद करावा लागला, तर तुमचं इंजिन चालू राहील का?

आरव्ही-७ या घरी बांधायच्या विमानाला कार्ब्युरेटर आणि मॅग्नेटोवालं (बॅटरीशिवाय ठिणगी देणारं) लायकमिंग ओ-३६० इंजिन बसवलं असेल, तर राहील. इंजिनावरचा यांत्रिक पंप पेट्रोल ओढतच असतो. टाक्या पंखांत, म्हणजे इंजिनाच्या खाली असल्यामुळे पेट्रोल आपोआप उतरत नाही; म्हणून इंधनाचा दाब टिकवायला विजेचा बूस्ट पंप जोडीला ठेवतात आणि टेकऑफ, लँडिंग व टाकी बदलताना लावतात. तो घेतो जेमतेम एक-दीड अँपिअर. मुख्य बसवर (वीज वाटणाऱ्या पट्टीवर) ५ अँपिअरचा ब्रेकर, २० गेजची टेफझेल (विमानासाठीच्या आवरणाची) वायर आणि एक टॉगल (दांडीचा स्विच), एवढ्यात काम होतं. गाडीची पीव्हीसी वायर मात्र नको. ती जळली की कॉकपिट विषारी धुराने भरतं.

रोटॅक्स ९१२ आयएससारख्या इंजेक्शनच्या इंजिनाला यांत्रिक पंपच नसतो. वीज गेली की इंजिन गेलं. इथे इंजिन कंपनीची आकृती प्रमाण माना आणि काटकसर करू नका. दोन पंपांना दोन स्विच, दोन फ्यूज आणि अर्थिंगचे बोल्टसुद्धा दोन. पुष्कळ जण प्लसच्या वायरी नीट वेगळ्या काढतात आणि दोन्ही मायनस एकाच लगमध्ये (वायरीच्या टोकाच्या कडीत) कोंबतात. तो एक नट सैल झाला की दोन्ही पंप एकदम बंद! ‘पंप १ – बंद – पंप २’ असा एकच स्विच करून द्या, अशी मागणीही येते. पॅनेलवर तो देखणा दिसतो, पण आम्ही तो बनवत नाही. तो बिघडला तर दोन्ही पंप हातचे जातात, शिवाय टेकऑफला दोन्ही एकत्र लावता येत नाहीत.

स्विचवरचं ‘२५० व्होल्ट एसी’ वाचून भुलू नका, डीसीचं रेटिंग बघा. डीसीत ठिणगी लवकर विझत नाही आणि संपर्क जळतात. आणखी एक : साध्या टॉगलची दांडी वर केली की मधलं टर्मिनल खालच्याशी जुळतं, वरच्याशी नव्हे. क्रिंप करण्याआधी (वायरीवर टोक दाबून बसवण्याआधी) मल्टिमीटर लावून खात्री करा.

दाब उतरताच पंप आपोआप सुरू व्हावा, अशी जोडणी आम्ही करून देत नाही. इंजिनाकडची नळी फुटून दाब गेला असेल, तर तो पंप आगीलाच पेट्रोल पुरवेल. स्विच पायलटच्याच हातात हवा.

जोडणी झाल्यावर इंजिन बंद असतानाच मास्टर आणि पंप लावा. टकटक ऐकू येईल, दाबाचा काटा चढेल. मग इंजिन सुरू करून पंप बंद करा. कार्ब्युरेटरच्या लायकमिंगमध्ये दाब अर्धा ते ८ पीएसआयच्या (दर चौरस इंचाला पौंड) दरम्यान टिकला पाहिजे. काटा पडला, तर आमच्या वायरी उचकटू नका. दोष यांत्रिक पंपात किंवा हवा ओढणाऱ्या एखाद्या जोडात शोधा.