जुनं पुस्तक बांधणीला आणताय? आधी चिकटपट्टी बाजूला ठेवा

फाटलेलं पान दिसलं की हात चिकटपट्टीकडे जातो. पुस्तकावरच्या मायेनेच जातो, हे आम्हाला ठाऊक आहे. पण आमच्याकडे येणाऱ्या जुन्या पुस्तकांवर सगळ्यात जास्त वेळ खातात त्या ह्याच पट्ट्या. शिवण आणि पुठ्ठ्याचं काम त्यामानाने पटकन होतं.

पट्टीचा गोंद काही वर्षांत पिवळा, मग तपकिरी होतो आणि कागदात मुरतो. वरचं प्लास्टिक वाळून गळून पडलं तरी डाग जात नाही. जुना कागद आधीच ठिसूळ असतो, तो पट्टीच्या कडेला दुमडतो आणि तिथेच तुटतो. ही पट्टी आम्ही हलकी ऊब देऊन, पातळ पात्याने, कडेकडून सोडवतो. एकेका पानाला अर्धा तास लागतो, आणि तरीही कधी कधी अक्षरं पट्टीबरोबर निघून येतात.

कवितांच्या पुस्तकात हे फार लागतं. कादंबरीतला गेलेला शब्द मागच्यापुढच्या वाक्यावरून लावता येतो, पण कवितेतला शब्द गेला की ओळच मोडते. एका काकूंनी सासूबाईंचं बालकवींच्या कवितांचं पुस्तक आणलं होतं. ‘औदुंबर’च्या शेजारी सासूबाईंनी पेन्सिलीने बारीक अक्षरात काहीतरी टिपलं होतं. आठ ओळींची कविता, पण तो औदुंबर म्हणजे नक्की काय, ह्यावर समीक्षकांनी पानंच्या पानं लिहिली आहेत. पट्टी बरोबर शेवटच्या ओळीवर होती. ‘बसला असला औदुंबर’ मधला ‘असला’ तिच्याबरोबर निघून आला आणि पेन्सिलीची अर्धी टीपही गेली. छापलेला शब्द दुसऱ्या प्रतीत मिळतो, सासूबाईंची टीप कुठून आणायची?

म्हणून पान फाटलं असेल तर तसंच आणा. सुटी पानं क्रमाने लावून कोऱ्या कागदात गुंडाळा, नखाएवढे तुकडेही पाकिटात घालून द्या. टाचणी, स्टेपल, रबरबँड नको. लाकूडकामाचा पांढरा गोंद तर मुळीच नको.

‘पंधरा दिवस कशाला लागतात?’ असं बरेच जण विचारतात. आम्ही मैद्याची खळ आणि पातळ जपानी कागद वापरतो. खळ सावकाश वाळते, पानं दाबाखाली ठेवावी लागतात. पण पुढे कधी गरज पडली तर ही दुरुस्ती ओलाव्याने सोडवता येते, पान शाबूत राहतं. ‘कडा कापून सरळ करून द्या’ हे मात्र आम्ही करत नाही. समासातल्या टिपा त्यात जातात. जुनं मुखपृष्ठ, जाहिरातींची पानं, ‘सप्रेम भेट’ लिहिलेलं पान, हे सगळं नव्या बांधणीत जागच्या जागी बसवून देतो.

ह्याच पानांत खरी गंमत असते. घरचं पुस्तक घेऊन एकदा निवांत बसा. ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘घरांत’ असे न उच्चारले जाणारे अनुस्वार दिसले, तर पुस्तक बहुधा १९६२च्या शुद्धलेखन नियमांच्या आधीचं. सन नसेल आणि शक असेल तर त्यात ७८ मिळवा (जानेवारी ते गुढीपाडवा ह्या काळासाठी ७९). शके १८३१ची दिवाळी म्हणजे १९०९ची, ‘मनोरंजन’ मासिकाने मराठीतला पहिला दिवाळी अंक काढला ती. आपल्या घरातलं पुस्तक त्याच्या आधीचं की नंतरचं, हे मुलांना शोधायला सांगा, संध्याकाळ कशी जाते कळत नाही.

किंमत किती येईल, असंही विचारलं जातं. प्रत पाहिल्याशिवाय आम्ही आकडा सांगत नाही. नुसतं जुनं असून भागत नाही, आवृत्ती आणि प्रतीची अवस्था बघावी लागते.

कपाटात वेखंडाची पुरचुंडी ठेवा. कडुनिंबाचा पाला पानांच्या मधे घालू नका, डाग पडतो. पावसाळा संपला की पुस्तकं सावलीत वाऱ्यावर ठेवा, उन्हात नको. कसर लागते ती वर्षानुवर्षं न हललेल्या पुस्तकाला. रोज एक कविता वाचायला म्हणून जरी पुस्तक खाली काढलंत, तरी त्याची निम्मी राखण होते.

दुकानात शिरताना डाव्या हाताच्या फळीवर जुने कवितासंग्रह आहेत, सगळे आमच्याच हातून दुरुस्त झालेले. पुस्तक द्यायला-न्यायला आलात की बसून वाचा, घ्यायलाच हवं असं नाही. बांधून झालेल्या पुस्तकाला कापडी पिशवी हवी असेल तर पुस्तक देतानाच सांगा, म्हणजे मापाने शिवून ठेवू.