जुळणी (आलेख सिद्धांत)

आलेख म्हणजे काही ठिपके (शिरोबिंदू) आणि त्यांच्या जोड्या सांधणाऱ्या रेषा (कडा). आलेखातून निवडलेल्या कडांपैकी कोणत्याही दोन कडा एकाच शिरोबिंदूवर येत नसतील, तर त्या निवडीला जुळणी म्हणतात. एकही शिरोबिंदू एकटा राहिला नाही, तर ती परिपूर्ण जुळणी. माणसे आणि त्यांना जमणारी कामे यांची वाटणी हा तिचा नेहमीचा दाखला.

दिसेल ती कड उचलत गेले तरी जुळणी होते, पण ती सर्वांत मोठी असेलच असे नाही. क–ख–ग–घ ही साखळी घ्या. आधी मधली ख–ग उचलली, की क आणि घ एकटे पडतात आणि गाडी एकाच जोडीवर अडते. आता उचललेली कड सोडून उरलेल्या दोन घ्या. जोड्या दोन झाल्या. दोन्ही टोके मोकळी आणि कडा आळीपाळीने जुळणीबाहेरच्या व जुळणीतल्या, अशी वाट म्हणजे वर्धक मार्ग. तो उरला नाही की जुळणी सर्वांत मोठी, आणि याचा व्यत्यासही खरा, हे क्लोद बेर्ज यांनी १९५७ मध्ये दाखवले.

माणसे एकीकडे, कामे दुसरीकडे अशा द्विभागी आलेखात हा मार्ग शोधणे सोपे. तेथील सिद्धांत जुने आहेत: केनिग (१९३१), हॉल (१९३५). अशा वाटणीसाठी कून यांनी १९५५ मध्ये मांडलेल्या रीतीला ‘हंगेरियन’ म्हटले, ते केनिग आणि एगेरवारी या हंगेरियन गणितज्ञांच्या ऋणापोटी.

खरी खोड विषम चक्रांची, म्हणजे विषम संख्येच्या कडांनी बनलेल्या बंद वाटांची. पाच शिरोबिंदूंच्या चक्रात शोध दोन्ही अंगांनी फिरला, की एकच शिरोबिंदू सम अंतरावरही येतो आणि विषम अंतरावरही, हिशेब बिघडतो. जॅक एडमंड्स यांनी १९६५ मध्ये यावर काढलेला तोडगा चकित करण्याइतका साधा आहे: चक्र आकसून त्याचा एकच शिरोबिंदू करायचा, शोध पुढे न्यायचा आणि मार्ग सापडल्यावर चक्र पुन्हा उलगडायचे. मार्ग चक्राच्या कोणत्याही शिरोबिंदूतून बाहेर पडो, उरलेल्या चारांच्या दोन जोड्या लागतातच. या चक्राला त्यांनी मोहोर म्हटले, तिथवर नेणाऱ्या वाटेला देठ. रूक्ष विषयात अशी नावे विरळाच. याच लेखात त्यांनी ‘चांगली’ रीत कोणती याचाही विचार केला: आलेखाच्या आकारमानाबरोबर जिचे श्रम बहुपदीच्या मर्यादेत वाढतात ती.

परिपूर्ण जुळणी शोधता येते. अशा एकूण किती, हे मोजणे मात्र द्विभागी आलेखातही अवघड, असे लेस्ली व्हॅलियंट यांनी १९७९ मध्ये सिद्ध केले. कडा एकमेकींना न छेदता कागदावर काढता येणारे आलेख याला अपवाद आहेत.